विश्लेषण : मंडपाची परवानगी एक, सह्या मात्र अनेकांच्या

गणेशोत्सव जवळ आला की पनवेलच्या गल्ल्यांत बांबूंचे ढीग आणि ताडपत्र्यांचे गठ्ठे दिसू लागतात. मंडप उभारायला दोन रात्री पुरतात. परवानगीला किती दिवस लागतील, हे मात्र मंडळाचा कार्यकर्ता कोणत्या टेबलापासून सुरुवात करतो यावर ठरते. सार्वजनिक मंडप असो, सभेचे व्यासपीठ असो की इमारतीखालचा लग्नाचा शामियाना. कोणाकडे जायचे आणि त्या कागदांतून नेमके काय तपासले जाते?

जागा कोणाची?

अर्ज भरण्याआधी पहिला प्रश्न हाच. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. जुने पनवेल शहर, सिडकोने वसवलेले खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल आणि आजूबाजूची गावे तिच्या हद्दीत आली. त्यामुळे इथल्या एखाद्या मोकळ्या मैदानाची देखभाल एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे असू शकते. भूखंड सिडकोचा असेल तर सिडकोचे, गृहनिर्माण संस्थेचा असेल तर संस्थेचे ना हरकत पत्र आधी हवे. हे पत्र नसलेला अर्ज कितीही नीटनेटका भरला तरी पुढे सरकत नाही. आपला भाग खारघर, कळंबोली, कामोठे की पनवेल प्रभाग कार्यालयाकडे येतो, हेही आधीच पाहून ठेवावे.

रस्त्याची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २३४ नुसार सण-समारंभासाठी रस्त्यावर तात्पुरते बांधकाम करू देण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, पण तो पोलिसांच्या सहमतीने वापरायचा असतो. म्हणूनच महापालिकेचा शिक्का मिळाला तरी पोलीस ठाणे आणि वाहतूक शाखा यांचे म्हणणे सुटत नाही. पनवेल तालुका रायगड जिल्ह्यात असला तरी शहराचा पोलीस बंदोबस्त नवी मुंबई आयुक्तालयाकडे आहे. बाहेरून आलेले आयोजक पत्र घेऊन थेट अलिबागला निघतात, ते याच गोंधळातून.

न्यायालय यात कसे आले?

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुद्दे दोन होते : उत्सवातील आवाज आणि रस्ता अडवणारे मंडप. ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. रस्त्यावर मंडप घालून पूजा करणे हा मूलभूत हक्क नाही, पादचारी आणि वाहनांना अडथळा होईल अशी परवानगी महापालिकांनी देऊ नये, असे त्यात स्पष्ट झाले. सणाच्या किमान सात दिवस आधी महसूल अधिकाऱ्यांच्या पथकांनी मंडपांची पाहणी करायची, हेही त्यातूनच आले.

अर्जासोबत स्थळदर्शक नकाशा मागतात तो यासाठी. रस्ता किती रुंद, मंडप किती रुंद, उरलेल्या जागेतून रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब जाईल का, एवढेच त्यातून पाहायचे असते. ‘गेल्या वर्षीचाच नकाशा आहे’ म्हणून झेरॉक्स जोडली जाते. दरम्यान त्या गल्लीत नवा दुभाजक झालेला असतो.

ध्वनिक्षेपकाचा परवाना पोलीस ठाण्यातून स्वतंत्र घ्यावा लागतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल आहे. वर्गणी गोळा करणारे मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगीही लागते. छोटी मंडळे हा कागद हमखास विसरतात.

‘स्थिरता प्रमाणपत्र’ कशासाठी?

सर्वांत जास्त कुरकुर याच कागदावर ऐकू येते. बांबूच्या मंडपाला अभियंत्याची सही कशाला? उत्तर वाऱ्यात आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आम्हाला एक साधे सूत्र होते : वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा; दर चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येतो ते कळते. ताशी ७२ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला २० मीटरचा वारा आला तर हा दाब २४० न्यूटन, साधारण २४ किलो वजनाइतका. आता सहा मीटर रुंद, साडेचार मीटर उंच, फ्लेक्सने पूर्ण झाकलेली कमान घ्या. तिचे क्षेत्रफळ २७ चौरस मीटर. म्हणजे सुमारे साडेसहाशे किलोचा आडवा धक्का. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. खालच्या मातीत दीड फूट पुरलेले बांबू आणि सुतळीच्या गाठी यांनी तो पेलायचा असतो.

मुंबईच्या पट्ट्यासाठी भारतीय मानकात मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. तात्पुरत्या बांधकामाला त्यात सवलत मिळते. तरी हिशेब वरच्या उदाहरणापेक्षा कडकच निघतो. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तो मंडप नव्हता, पण वारा फलक आणि कमान असा भेद करत नाही. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात जसोल येथे २३ जून २०१९ रोजी तर रामकथेचा मंडपच वादळात पडला, त्यात वीजप्रवाह उतरला आणि १४ जण गेले.

फ्लेक्सला मध्ये वारा जाण्यासाठी फटी ठेवणे, चारही बाजूंना तिरके ताण देणे, ताडपत्रीवर पाणी साचू न देणे ही कामे खर्चिक नाहीत. पावसाचे साचलेले पाणी जड असते : एक चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो.

वीज आणि आग

पनवेलकरांना यासाठी लांबचे उदाहरण नको. ९ सप्टेंबर २०२२ रोजी अनंत चतुर्दशीला वडघर कोळीवाड्यात विसर्जनावेळी जनरेटरच्या वायरमुळे ११ जणांना विजेचा धक्का बसला. महावितरण उत्सव मंडळांना तात्पुरती जोडणी देते. शेजारच्या खांबावर आकडा टाकणे हे चोरीइतकेच जिवाशी खेळणे आहे. गळती होताच पुरवठा तोडणारे सर्किट ब्रेकर आणि जनरेटरचे अर्थिंग यांची पाहणी परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावी.

मंडपातील आगीसाठी आयएस ८७५८ हे मानक आहे. छताची उंची किमान तीन मीटर, विजेच्या तारांखाली मंडप नको, कृत्रिम धाग्याचे कापड व दोर टाळावेत, असे ते सांगते. सजावटीचे स्वस्त पडदे नेमके कृत्रिम धाग्याचेच असतात, त्यामुळे हा मुद्दा कागदावर पाळला जातो आणि मंडपात मोडला जातो.

मंडपच नसेल तर?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा शासकीय सोहळा झाला. व्यासपीठावर छत होते. समोर भर दुपारी लाखोंचा समुदाय उघड्या उन्हात बसला होता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. मंडप परवानगीच्या प्रक्रियेत जे उभारले जाते त्याची तपासणी होते. जे उभारलेच नाही, म्हणजे सावली, पाण्याची ठिकाणे, गर्दीतून बाहेर पडण्याच्या वाटा, त्यांचा रकाना मोठ्या सभांच्या अर्जातही तितकाच ठळक असायला हवा. नकाशात व्यासपीठ काढतो, तसे प्रेक्षकांच्या डोक्यावर काय आहे तेही काढून द्यावे.

कधी अर्ज करावा?

महिनाभर आधी. जागेचे पत्र, मग पोलीस व वाहतूक, त्यानंतर अग्निशमन आणि महावितरण हा क्रम ठेवला तर फेऱ्या वाचतात. ‘एक खिडकी’ असली तरी खिडकीमागची खाती तीच असतात. मिळालेले परवानगी पत्र मंडपाच्या दर्शनी भागात लावावे. उत्सवानंतर रस्त्यातले खड्डे बुजवून त्यांचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ते जोडता येते.