पाळी जाताना मेंदूत काय घडतं?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. त्याच्याकडे साठवण जवळजवळ नसते, त्यामुळे रक्त सतत आणि नेमक्या जागी पोचावं लागतं. आपण एखादं नाव आठवू लागलो, की त्या कामाला लागलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. शेतकरी दारं धरून तहानलेल्या वाफ्याकडे पाटाचं पाणी वळवतो, तसंच हे.

या कामात अंडाशयात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनचा मोठा वाटा असतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींना इस्ट्रोजेन मिळालं, की त्या जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. हा वायू वाहिनीभोवतीचे स्नायू सैल करतो आणि वाट मोकळी होते. मेंदूच्या पेशींना ग्लुकोज वापरायलाही इस्ट्रोजेन मदत करतं.

भारतात पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. त्याआधी काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत राहतं, मग खालावतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर पूर्वीइतक्या तत्परतेनं प्रतिसाद देत नाही, वाहिन्या ताठर होऊ लागतात, रक्तदाब वाढतो. त्यात रात्री घाम फुटून झोपमोड होते. ओठांवरचा शब्द अडतो, गॅसवर दूध ठेवल्याचं ध्यानात राहत नाही. हे मनाचे खेळ नव्हेत आणि बहुतेकींच्या बाबतीत ही स्मृतिभ्रंशाची सुरुवातही नसते. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात दिसलं, की या संक्रमणात नवं शिकण्याचा वेग मंदावतो, पण पाळी पूर्ण थांबल्यावर तो पुन्हा सावरतो.

मग बाहेरून हार्मोन द्यावं का? २००३मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ वर्षांवरच्या स्त्रियांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट झाला होता. पाळी नुकतीच गेलेल्या स्त्रियांमध्ये पुढे झालेल्या चाचण्यांत स्मरणशक्तीला ना फायदा दिसला, ना तोटा. हॉट फ्लशेससारख्या (अंगभर अचानक गरम वाफा येण्याच्या) त्रासासाठी डॉक्टर ही औषधं देतात. पण केवळ स्मरणशक्तीसाठी ती घेऊ नयेत.

अंडाशय लवकर काढले, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे इस्ट्रोजेन ओसरत नाही, एकदम तुटतं. मेंदूला जुळवून घ्यायला वर्षं मिळत नाहीत आणि पुढे बुद्धी मंदावण्याचा धोका वाढल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची, अगदी ऐन तारुण्यात, गर्भपिशवी काढल्याचं प्रकरण २०१९मध्ये राज्यभर गाजलं. गर्भपिशवीसोबत अंडाशयही काढले, तर मेंदूचं काय, याचा विचार त्या चर्चेत क्वचितच झाला. तो व्हायला हवा.

म्हणून गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर तीन प्रश्न विचाराच: दुसरा उपाय आहे का? अंडाशय राखता येतील का? काढावेच लागले, तर नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देणार का? आणि चाळिशीनंतर प्रत्येकीनं रक्तदाब आणि साखर नियमित तपासावी, रोज चालावं, झोप सांभाळावी. मेंदूच्या रक्तवाहिन्या जपण्याचा हा सगळ्यांच्या आवाक्यातला मार्ग आहे.