आखातातून निर्देशांकाचे सौदे : दलालीचा खरा हिशेब



नोकरीनिमित्त दुबई, शारजा, कुवेत, मस्कत येथे राहणारी माणसे आज रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत अनेक घरांत आढळतात. त्यांनी पाठविलेल्या पैशावर घरे उभी राहतात, मुलांच्या फिया भरल्या जातात, आजारपणे निभावली जातात. अलीकडे याच कष्टाच्या पैशाला एक नवी वाट फुटली आहे. मोबाईलवर खाते उघडायचे आणि संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर शेअर निर्देशांकाचे सौदे करायचे. 'दलाली शून्य' अशी जाहिरात पाहून पुष्कळ तरुण त्यात उतरतात. शून्य दलाली घेणारा दलाल आपले कार्यालय कसे चालवीत असेल, हा साधा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. आम्ही बँकेत कारकुनी करतो. शिक्षण कला शाखेचे असले तरी व्याज आणि वटाव यांच्याशी आमचा रोजचा संबंध आहे. त्या अनुभवाच्या आधारे हा हिशेब सोपा करून सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम निर्देशांक म्हणजे काय ते पाहू. निवडक कंपन्यांच्या शेअरांच्या भावांवरून काढलेला आकडा म्हणजे निर्देशांक. सेन्सेक्समध्ये ३० कंपन्या असतात, निफ्टीमध्ये ५०, तर अमेरिकेच्या एस अँड पी निर्देशांकात सुमारे ५००. हा आकडा स्वतः विकत घेता येत नाही. म्हणून त्याच्या चढउतारावर करार केला जातो. आखातात सर्रास चालणाऱ्या अशा कराराला 'सीएफडी' म्हणतात. यात शेअर आपल्या नावावर होत नाहीत. घेताना आणि देताना आकड्यात जो फरक पडला, तेवढेच पैसे मिळतात किंवा द्यावे लागतात. पुष्कळदा करारातील समोरचा पक्ष स्वतः दलालच असतो. अशा वेळी आपला तोटा हा त्याचा नफा ठरू शकतो, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता खर्चाकडे वळू. पहिला खर्च म्हणजे खरेदीभाव आणि विक्रीभाव यांतील तफावत. परकीय चलन बदलून देणाऱ्या दुकानाच्या फलकावर जसे दोन भाव असतात, तसेच येथेही असतात. आपण चढ्या भावाने घेतो आणि उतरत्या भावाने देतो. मधला फरक दलालाचा.

उदाहरणादाखल, निर्देशांक ५,००० वर आहे आणि एका अंकाला एक डॉलर असा करार आहे असे समजू. कराराची किंमत ५,००० डॉलर झाली. तफावत एका अंकाची असेल, तर एका सौद्याला एक डॉलर जातो. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे एका सौद्याला सुमारे पावणेचार दिरहॅम. रक्कम क्षुल्लक वाटते. परंतु रोज चार सौदे आणि महिन्याचे २२ दिवस धरले, तर ८८ डॉलर, म्हणजे सुमारे ३२३ दिरहॅम होतात. वर्षाचे १,०५६ डॉलर. ज्याने १,००० डॉलर घालून खाते उघडले, त्याचे मूळ भांडवलाहून अधिक पैसे केवळ तफावतीत जातात. तेवढा नफा मिळविल्यावर तो फक्त बरोबरीवर येतो.

ही तफावत दिवसभर सारखी राहत नाही. न्यूयॉर्कचा बाजार अमिरातीच्या वेळेप्रमाणे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला उघडतो. नोकरदारांना ही वेळ सोयीची पडते. बाजार बंद असताना, किंवा एखादी मोठी बातमी येण्याच्या सुमारास, तफावत रुंदावते. जाहिरातीत बहुधा कमीत कमी तफावत छापतात. आपल्याला मात्र सरासरी किती पडते ते पाहिले पाहिजे.

दुसरा खर्च रात्रीच्या व्याजाचा. ५,००० डॉलरच्या करारासाठी दलाल पाच टक्के, म्हणजे २५० डॉलर, अनामत मागतो असे धरू. उरलेले पैसे जणू त्याने कर्जाऊ दिले. सौदा रात्रभर उघडा ठेवला की त्यावर व्याज लागते, आणि ते अनामतीवर नव्हे, तर कराराच्या पूर्ण रकमेवर! वार्षिक सात टक्के दराने ५,००० डॉलरवर एका रात्रीचे सुमारे ९७ सेंट होतात. ३० रात्रींचे २९ डॉलर. स्वतःच्या २५० डॉलरशी ताडून पाहिले, तर महिन्याला साडेअकरा टक्क्यांहून अधिक! गावचा सावकारदेखील हा दर ऐकून थबकेल. शनिवार-रविवार धरून तीन रात्रींचे व्याज एकदम कापण्याचीही रीत आहे.

इस्लाममध्ये व्याज निषिद्ध असल्याने आखातात 'इस्लामिक खाते' या नावाने बिनव्याजी सोय दिली जाते. ते पाहून आपलेही काही लोक खर्च वाचेल या आशेने तिकडे वळतात. परंतु अशा खात्यांत पुष्कळदा ठरावीक रात्रींनंतर 'व्यवस्थापन शुल्क' लागते, किंवा तफावतच अधिक ठेवलेली असते. नाव बदलले, तरी खिशातून जाणारा पैसा तोच.

तिसरा खर्च चलनबदलाचा. दिरहॅमचा दर बांधलेला असला, तरी बँक किंवा दलाल तो बदलून देताना आपला वटाव घेतो. जाता-येता अर्धा-अर्धा टक्का गेला, तरी १,००० डॉलरवर दहा डॉलर झाले. कुवेती दिनार तर एकट्या डॉलरला नव्हे, अनेक चलनांच्या समूहाला जोडलेला आहे. त्यामुळे तेथे दरातील फरकाचीही भर पडते. याशिवाय पैसे काढण्याचे शुल्क आणि काही महिने व्यवहार न केल्यास लागणारे शुल्क अशा बारीक नोंदी करारपत्राच्या शेवटी दडलेल्या असतात.

खर्चाहून मोठी गोष्ट जोखमीची. वरील उदाहरणात निर्देशांक पाच टक्के घसरला की २५० डॉलरची अनामत संपली. युरोपच्या नियामक संस्थेने २०१८ मध्ये अशा करारांवर निर्बंध घातले. त्या वेळच्या पाहणीत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात आढळली होती. आपल्याकडे 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वायदे व ऑप्शन बाजारात तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, आणि त्याच काळात सुमारे ५०,००० कोटी रुपये नुसत्या व्यवहारखर्चात गेले.

दलाल कोणत्या कायद्याखाली आहे, हेही तपासावे. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राला २००४ पासून स्वतंत्र नियामक आहे. मात्र पुष्कळ दलालांचे कार्यालय दुबईत आणि आपले खाते दूरच्या एखाद्या बेटावरील उपकंपनीकडे, असा प्रकार असतो. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा करारपत्रावर कोणत्या कंपनीचे नाव आहे ते महत्त्वाचे. त्या नावाचा परवाना नियामकाच्या नोंदीत स्वतः पाहावा. तसेच तोटा भरून काढण्यासाठी गावाहून पैसे मागवू नयेत. भारतात राहणाऱ्या नातलगांनी परदेशी दलालाकडे अनामत भरण्यासाठी पैसे पाठविणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसत नाही. अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादीही बँकेने सप्टेंबर २०२२ पासून जाहीर केली आहे.

सबब, खाते उघडण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. सरासरी तफावत किती? एका रात्रीचे व्याज किती? पैसे भरताना व काढताना काय कापले जाईल? करार कोणत्या कंपनीशी आहे? आणि माझ्या महिन्याच्या सौद्यांचा एकूण खर्च माझ्या भांडवलाच्या किती टक्के होतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून काढल्याशिवाय पहिला सौदा करू नये.

ज्यांना निर्देशांकाच्या वाढीत सहभागी व्हायचे आहे, त्यांना अनिवासी खात्यातून निफ्टी किंवा सेन्सेक्सवर आधारित म्युच्युअल फंडात दरमहा थोडी रक्कम घालता येते. तेथेही बाजार पडला तर किंमत घटते. परंतु वर्षाचा खर्च साधारणपणे एक टक्क्याच्या आत असतो, उसने पैसे नसतात आणि रात्रीचे व्याज नसते. आणि ज्या पैशावर बहिणीचे लग्न किंवा मुलाचे शिक्षण अवलंबून आहे, तो पैसा मुदत ठेवीतच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. उन्हातान्हात दोन वर्षे राबून साठविलेली पुंजी दलालाच्या तफावतीत विरघळू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.