थंडीत सशांना अंगणात सोडताना

खानापूर-बेळगाव भागात पौषात पहाटे दंव पडते, आणि पोरे शाळेआधीच पाळीव ससे अंगणात सोडतात. त्याची आम्हांस काळजी वाटते. दाट केसांमुळे ससा कोरडी थंडी सोसतो. त्याला बाधते ती ओल आणि वारा. म्हणून दंव सुकल्यावर, उन्हे चढल्यावरच त्याला बाहेर काढावे व दिवस कलण्यापूर्वी आत घ्यावे. भोवती बारीक जाळी लावून तिची कड वीतभर पुरावी, कारण ससा माती उकरतो. वरूनही जाळी हवी. घार व मुंगूस टपलेलेच असतात. कुत्र्याच्या नुसत्या भीतीनेही ससा दगावतो, तेव्हा लपायला खोके ठेवावे व थोरांपैकी कोणीतरी राखण करावी. भिजल्यास लगेच पुसून ऊब द्यावी. खाणे सोडले, तर त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे.