आजीचा आवाज टेपमधून फोनमध्ये: घरच्या घरी कॅसेट डिजिटल कशी करायची?

आजचा भाग माझ्या एका चुकीपासून सुरू करतो. आमच्या घरी आजीच्या ओव्यांची कॅसेट सापडली. मी उत्साहात ती जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये टाकली, प्ले दाबलं आणि दोन मिनिटांत फीत आत गुंतली. पेन्सिलने गुंता सोडवला, पण एक ओवी कायमची चुरगळली. म्हणून आधीच सांगतो, कॉम्प्युटरवरचं काम सोपं आहे. खरी काळजी घ्यायची ती कॅसेट वाजवण्याआधी.

पहिलं काम: कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे चौकोनी तुकडे असतात, ते तोडा. मग चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी आवाज पुसला जात नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र कॅसेट वाजवूच नका. ती जाणकाराकडे द्या.

दुसरं: टेपरेकॉर्डरचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. सुकलं की आधी एखादी बिनकामाची कॅसेट लावून बघा. ती नीट वाजली, तरच आजीची लावायची. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

आता जोडणी. स्पीकरसमोर फोन धरू नका. पंखा आणि कुकरची शिट्टीसुद्धा रेकॉर्ड होईल. टेपला लाइन-आउट असेल तर उत्तम, नाहीतर हेडफोनचं भोक चालेल. लॅपटॉपचं एकच भोक सहसा हेडसेटसाठी असतं, त्यात माइकचा मोनो आवाज जातो. म्हणून लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. कमी आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज नीट दुरुस्त होत नाही. आणि इथे शॉर्टकट नाही बरं का! ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. तासाभराची वेव्ह फाईल साधारण १ जीबी होते.

आवाज दबका येतोय? बऱ्याचदा हेडचा कोन फितीशी जुळत नसतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवा आणि ‘स’, ‘श’ सगळ्यात स्पष्ट ऐकू येतील तिथे थांबा. हे रेकॉर्डिंगच्या आधीच करायचं. वाजवतानाच जे हरवलं, ते इक्वलायझर परत आणत नाही.

मूळ वेव्ह फाईलला हात लावू नका. खरखर काढायची ती कॉपीवर, तीही थोडीच. जास्त काढली तर आजी पाण्याखालून बोलतेय असं वाटतं. फॅमिली ग्रुपवर पाठवायला एमपीथ्री करा. मूळ फाईल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि कॅसेटही फेकू नका.

शेवटचं. फाईल झाली की ती घरातल्या मोठ्यांना ऐकवा. मागे हसतंय कोण, घर कुठलं, साल कोणतं, ते विचारा आणि फाईलच्या नावात लिहा. फितीसारखीच ती माणसंही कायमची नसतात.

भेटू पुढच्या भागात!