ट्रॅक्टर धुवावा किती, कुठे आणि कशाने

नवरात्राचे शेवटचे दोन दिवस आले की तालुक्याच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरसमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची, तर चिखलानं माखलेला ट्रॅक्टर कसा चालेल? ज्या घरांच्या दावणीला आता बैल उरले नाहीत, तिथे पोळ्यालाही ट्रॅक्टरच धुऊन, हार घालून मारुतीच्या देवळापुढे आणतात. वर्षातल्या या एक-दोन सणांना त्याला न्हाऊ घालायचं याबद्दल गावात कुणाचं दुमत नसतं. वाद असतो तो उरलेल्या वर्षाबद्दल. एक जण म्हणतो, उद्या पुन्हा मातीतच घालायचाय, धुऊन काय करता? दुसरा रोज संध्याकाळी बोनेट पुसल्याशिवाय जेवायला बसत नाही. दोघांचेही ट्रॅक्टर कामाला येतात आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

माझ्या मते दोघंही चुकीच्या जागेकडे बघतात. बोनेटवरच्या धुळीनं ट्रॅक्टरचं काहीही बिघडत नाही. बिघाड करणारी घाण निराळी असते. ती पाच-सात ठिकाणीच साचते, त्यातली निम्मी ठिकाणं बाहेरून दिसत नाहीत आणि तिथल्या घाणीसाठी बहुतेक वेळा पाणी लागतच नाही.

सगळ्यात महत्त्वाची जागा एअर क्लीनरची. आपल्याकडचं मध्यम ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं इंजिन साधारण अडीच लिटरचं धरू. ते मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालत असेल तर दर मिनिटाला अडीच हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढतं. तासाला दीड लाख लिटर. आठ तास रोटर मारला तर बारा लाख लिटर. आणि ही हवा कुठली, तर मे महिन्यात ढेकळं फोडताना ट्रॅक्टरच्या भोवती उठणाऱ्या फुफाट्याची. धुळीतले सिलिकाचे कण लोखंडाला घासून खाण्याइतके कठीण असतात. ते पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांच्या मध्ये सापडले की दोन्ही झिजतात. कॉम्प्रेशन कमी होतं, सकाळी सेल्फ मारमारून इंजिन चालू होत नाही, निळसर धूर येतो, ऑइल कमी पडू लागतं. मग मिस्त्री सांगतो, इंजिन खोलावं लागेल. ही झीज एका दिवसाची नसते, म्हणून तिचा संबंध एअर क्लीनरशी जोडला जात नाही. दोष कंपनीला दिला जातो, नाहीतर डिझेलला.

जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरांत तेलाचा एअर क्लीनर असतो. हवा वाटीतल्या तेलावरून वळून वर जाते, जड धूळ तेलात बसते आणि उरलेली वरच्या ओल्या जाळीत अडकते. कोरड्या दिवसांत दर आठ-दहा तासांच्या कामानंतर ही वाटी काढून बघायलाच हवी. तळाला गाळ बसला असेल किंवा तेल घट्ट झालं असेल तर ते ओतून टाकायचं, वाटी पुसायची आणि खुणेपर्यंतच नवं तेल घालायचं. खुणेच्या वर घातलं तर इंजिन ते तेल ओढून घेतं, आणि डिझेल इंजिनाला असं तेल मिळू लागलं की रेस कमी करूनही ते आवरत नाही. हे सगळं काम दहा मिनिटांचं आहे. बोनेट पुसायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

नव्या ट्रॅक्टरांत कागदी फिल्टर असतात, एकात एक असे दोन. इथे उलटी चूक होते. बाहेरचा फिल्टर काढून तो टायरवर आपटणारे हात मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. त्यानं धूळ पडते, पण फिल्टरची कड वाकते, आणि वाकलेल्या कडेतून धूळ गाळल्याविना थेट आत जाते. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर कमी दाबानं आणि आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते, जवळून जोरात मारली तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. आतला फिल्टर झटकायचा नसतो, धुवायचा तर मुळीच नसतो. त्याची मुदत संपली की तो बदलायचा. कागदी फिल्टर गरज नसताना रोज उघडणं हेही नुकसानीचंच, कारण प्रत्येक उघडझापीत थोडी धूळ आत जाते. चोकिंगचा दिवा किंवा खूण असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा.

मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांच्या प्रशिक्षणाची आणि चाचणीची संस्था आहे. १९५५ साली सुरू झालेल्या या संस्थेत देशातल्या ट्रॅक्टरांची परीक्षा होते. अश्वशक्ती आणि डिझेलचा खप हे आकडे जाहिरातीत येतात, पण तिथल्या चाचणीत इतरही गोष्टी असतात. एअर क्लीनरमधलं तेल इंजिनाकडे ओढलं जातं का ते पाहतात. ट्रॅक्टर चिखलणीत चालवून झाल्यावर ठिकठिकाणची सीलं टिकली का, आत पाणी आणि चिखल शिरला का हे तपासतात. शेवटी इंजिन खोलून सिलिंडर, पिस्टन, रिंगा यांची झीज मोजतात. म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणं हा या यंत्राचा खरा शत्रू आहे हे यंत्राची परीक्षा घेणाऱ्यांनी केव्हाच धरून ठेवलं आहे. वापरणाऱ्यांनी ते धरायला हवं.

दुसरी जागा रेडिएटरची. सोयाबीनची मळणी, मक्याची कापणी, पाचटाची कुट्टी या दिवसांत पुढच्या जाळीवर भुसा आणि कुसळं बसतात. पंखा समोरून हवा ओढतो, त्यामुळे कचरा पुढून येऊन पापुद्र्यांत घट्ट बसतो. तो पुढून पाणी मारून निघत नाही, आणखी आत जातो. इंजिनाच्या बाजूनं पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेनं, हलक्या दाबानं हवा किंवा पाणी मारायचं. जोराच्या धारेनं रेडिएटरच्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि वाकलेल्या पट्ट्यांतून हवा जात नाही. त्याच दिवसांत सायलेन्सरच्या बुडाशी आणि बॅटरीच्या आसपास साचलेला कोरडा भुसाही काढावा. तो पेट घेऊ शकतो. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर महिनाभर शेडमध्ये उभा राहिला तर त्याच भुशात उंदीर घर करतात आणि वायरिंग कुरतडतात.

आता पाण्याच्या गनकडे येऊ. वॉशिंग सेंटरच्या पंपाचा दाब शंभर बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. चिखल उडवायला ही धार उत्तम. काळ्या रानाची चिकण माती चाकांच्या आत, ट्रॉलीच्या बुडाला, रोटरच्या पात्यांवर वाळून बसली की खुरप्यानं खरवडूनही निघत नाही, ती या धारेनं मिनिटात निघते. पण बेअरिंगची सीलं आतलं ग्रीस आत ठेवण्यासाठी आणि बाहेरचा चिखल अडवण्यासाठी केलेली असतात, शंभर बारची धार थोपवण्यासाठी नाही. पुढच्या चाकांचे हब, अल्टरनेटर, सेल्फ, वायरींचे जोड, मीटरचा बोर्ड यांवर धार मारली की पाणी आत जातं. त्या दिवशी काहीच होत नाही. पंधरा दिवसांनी चाक आवाज करू लागतं किंवा सेल्फ उचलत नाही, आणि तेव्हा धुण्याची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

गरम इंजिनावर थंड पाणी हा तर अपराधच मानायला हवा. सेंटरवर घाई असते, मागे रांग असते, शेतातून आलेला ट्रॅक्टर तसाच रॅम्पवर चढतो. तापलेल्या बिडाच्या भागांना त्यानं तडा जाऊ शकतो. डिझेल पंपाचे आतले भाग अतिशय बारीक मापात बसवलेले असतात. गरम पंप बाहेरून एकाएकी आकसला तर तो आत जाम होऊ शकतो. गिअरबॉक्सचंही तसंच. आतली गरम हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून बाहेरचं पाणी ओढून घेते. हायड्रोलिकचं तेल दुधाळ दिसू लागलं तर त्यात पाणी मिसळलं आहे हे समजावं. ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास निवू द्या, सेंटरवाल्यानं कितीही घाई केली तरी.

धुण्याचं काम नीट जाणणारा माणूस कसा धुतो ते बघण्यासारखं असतं. तो आधी एअर क्लीनरचं तोंड आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकनं झाकतो, सायलेन्सरच्या तोंडावर डबा घालतो. चिखल लांबून भिजवतो, थोडा वेळ थांबतो, मग खालून वर येतो. इंजिनापाशी गन बाजूला ठेवून ब्रश घेतो. धुऊन झाल्यावर ट्रॅक्टर चालू ठेवून सुकवतो, आणि शेवटी प्रत्येक ग्रीस निप्पल कापडानं पुसून, आतलं पाणी आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस भरतो. निप्पल न पुसता गन लावली तर तोंडावरची रेतीच आत ढकलली जाते. ग्रीस न भरता धुणं हे अर्धवट काम आहे. दुर्दैवानं बहुतेक ठिकाणी तेवढंच होतं, आणि वर चमक यावी म्हणून डिझेलचा फवारा मारला जातो. तो साफ नाकारावा. डिझेलनं टायर, होस पाइप, पंख्याचा पट्टा यांचं रबर फुगतं आणि मऊ पडतं, तेलकट पृष्ठभागावर दुसऱ्याच दिवशी दुप्पट धूळ बसते आणि ते डिझेल गटारातून ओढ्यात जातं. ओढ्यात किंवा नदीपात्रात ट्रॅक्टर उभा करून धुणंही याच कारणानं सोडून द्यायला हवं. खाली त्याच पाण्यावर जनावरं येतात.

मग एवढी सगळी काळजी घेऊन धुवायचा तरी कशाला? माझं उत्तर आहे, बघायला. बैलाची खांदमळणी करताना हळद-लोण्यानं खांदा चोळणाऱ्या हाताला कुठे गाठ आली, कुठे कातडी सोलली हे आपोआप कळत असे. ट्रॅक्टरच्या अंगावरून कापड फिरवणाऱ्या हातालाही तसंच कळतं. चिखलाच्या थराखाली गळणारं तेल दिसत नाही, स्वच्छ बिडावर तेलाचा एक ओघळही उठून दिसतो. सैल झालेला चाकाचा बोल्ट, टायरला पडलेली चीर, ड्रॉबारला गेलेला तडा, घासून उघडी पडलेली वायर, बॅटरीच्या टोकांवर चढलेला पांढरा-हिरवा थर, हे सगळं धुताना सापडतं. बॅटरीची टोकं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून त्यांवर व्हॅसलिन लावायला किती वेळ लागतो? म्हणूनच हंगामातून एकदा तरी मालकानं ट्रॅक्टर स्वतः धुवावा, निदान धुताना शेजारी उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

काही कामांनंतर धुण्याला पर्याय नसतो. द्राक्षबागेत ब्लोअरनं बोर्डो मिश्रण फवारलं की मोरचूद पत्र्यावर उरतं, आणि तांबं लोखंडाला खातं. खत पेरणाऱ्या यंत्राच्या पेटीत राहिलेले रासायनिक खताचे दाणे हवेतला ओलावा ओढून महिनाभरात पत्रा पोखरतात. फवारणीनंतर सीट, स्टिअरिंग आणि गिअरचे दांडे धुणं तर ड्रायव्हरसाठी गरजेचं आहे, कारण त्याच हातांनी तो बांधावर भाकरी खातो.

अवजारांबाबत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपलं फारच दुर्लक्ष होतं. भाड्याचा ट्रॅक्टर एका रानातून दुसऱ्या रानात जाताना सोबत माती नेतो. रोटरला गुंतलेले हराळीचे तुकडे आणि लव्हाळ्याच्या गाठी जिथे पडतील तिथे रुजतात. डाळिंबातली सूत्रकृमी, हरभऱ्यातली मर यांचा प्रसारही मातीबरोबर होतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या टली खोऱ्यात २०१५ साली केळीवरचा पनामा मर रोग, त्याचा टीआर-४ हा प्रकार, सापडला. तिथे शेतात येणारी-जाणारी वाहनं आणि यंत्रं धुऊन निर्जंतुक करणं हा बंदोबस्ताचा मुख्य भाग झाला, कारण ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते आणि एकदा आली की औषधानं जात नाही. हाच प्रकार आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. जळगावच्या केळी उत्पादकांनी बाहेरून येणारा रोटर बांधावर धुतल्याशिवाय आत घेऊ नये. हे मी सल्ला म्हणून नाही, विनंती म्हणून सांगतो.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पॉलिश, स्टिकर, झुली ज्याच्या त्याच्या हौसेच्या गोष्टी आहेत. जुना ट्रॅक्टर विकताना स्वच्छतेनं किंमत वाढते हे खरं, पण जाणकार गिऱ्हाईक नव्या रंगाला भुलत नाही. इंजिनावर ताजा रंग दिसला की तो आधी खाली वाकून गळती शोधतो. त्यापेक्षा तासांच्या मीटरप्रमाणे केलेल्या सर्व्हिसिंगची वही भाव मिळवून देते. आणि दुष्काळी टापूत, जिथे प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथे ट्रॅक्टर चमकवण्यासाठी पाणी वाया घालवू नये. तिथे सुकी माती ब्रशनं आणि हवेनं काढावी, तेवढं पुरतं.

राहता राहिला रस्ता. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात आणि रस्त्यावर येताना दोन्ही पेडल खटक्यानं जोडायचे असतात. खटक्यात चिखल बसला असेल तर ते जोडले जात नाहीत आणि भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच बाजूचा ब्रेक लागतो. पायरीवरचा आणि पेडलवरचा चिखल घरी पोचल्यावर नाही, रानातून बाहेर पडतानाच काढला पाहिजे. चाकांची ढेकळं डांबरावर पडली तर मागून येणारा दुचाकीस्वार घसरतो, तेव्हा तीही बांधावरच झटकावीत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. त्यांच्या मागच्या लाल पट्ट्या आणि रिफ्लेक्टर चिखलाखाली दिसत नाहीत, आणि मागून येणाऱ्याला पुढे ट्रॉली आहे हे अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. वर्षभर ट्रॅक्टरला पाणी लावलं नाही तरी चालेल, पण रात्री रस्त्यावर निघण्याआधी एक ओलं फडकं घेऊन ट्रॉलीच्या मागे जा आणि रिफ्लेक्टर पुसा.