कागदाची मालकी, पडद्याची वहिवाट

छापील पुस्तक श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद आपल्याकडे जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा तो बहुधा कागदाचा वास, डोळ्यांना होणारा शीण आणि घरातील अपुरी जागा या तीन मुद्द्यांभोवतीच घोटाळत राहतो. हे मुद्दे खोटे नाहीत. परंतु ते रुचीचे आहेत, आणि रुचीच्या प्रांतात निवाडा संभवत नाही. ज्याचा निवाडा करता येतो, आणि करणे अगत्याचेही आहे, असा प्रश्न निराळाच आहे: पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकावर वाचकाचा हक्क कोणता, आणि तो किती काळ टिकणारा? या प्रश्नाच्या अनुरोधाने मागे वळून पाहू लागल्यास चित्रकथांचा आणि मुलांच्या मासिकांचा इतिहास थोर ग्रंथांच्या इतिहासाहून अधिक बोलका ठरतो. कारण हे वाङ्मय जपून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे असे ग्रंथालयांना, समीक्षकांना आणि पालकांनाही फारसे कधी वाटले नाही, आणि त्यामुळेच ते कोणी, कसे आणि कशाच्या बळावर जपले हे त्यात लख्ख दिसून येते.

१९५२ साली मद्रासहून मराठी ‘चांदोबा’ येऊ लागला. पुढे १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले, आणि ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला. १९६७ मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ निघाली, तिच्यातील ‘कृष्ण’ राम वाईरकरांच्या कुंचल्याने साकारला. १९७१ च्या बालदिनी बालभारतीने ‘किशोर’ काढला. दोन दशकांच्या आत मराठी मुलाच्या हाती पुराण, साहस, विज्ञान आणि विनोद यांची एवढी सामग्री आली, की पाठ्यपुस्तकात दडवून वाचण्याची कला त्या पिढीला निराळी शिकवावी लागली नाही.

या सामग्रीचा खरा प्रसार मात्र प्रकाशकांच्या खतावणीत कधीच पुरता नोंदला गेला नसेल. रेल्वे स्थानकाच्या स्टॉलवर विकत घेतलेला एक अंक घरातील भावंडांच्या हातून शेजाऱ्यांकडे, तिथून वर्गात, वर्गातून मामाच्या गावाला आणि अखेर तराजूत पडून रद्दीवाल्याकडे जाई; आणि तिथेही त्याची अखेर होत नसे, कारण रद्दीवाला असे अंक वेगळे काढून निम्म्या किमतीस पुन्हा विकीत असे. गल्लोगल्लीच्या खासगी वाचनालयांत अनामत ठेवून रोजच्या भाड्याने हेच अंक मिळत. मुखपृष्ठावर वाचनालयाचा जांभळा शिक्का, घडीवर गंजलेल्या तारेचा डाग, कोपऱ्यात एका मुलाचे नाव शाईने खोडून लिहिलेले दुसऱ्याचे नाव, असा तो अंक म्हणजे एक प्रकारचा फेरफार उताराच असे. त्यावरील प्रत्येक नाव मालकाचे होते, आणि ती मालकी देण्याघेण्यास कोणाच्या परवान्याची गरज नव्हती. या व्यवहारातून लेखकाला आणि चित्रकाराला एक पैही मिळत नव्हती हे खरे. पण वाचक मात्र त्यातूनच घडत होता.

येथे चित्रकथेच्या पृष्ठरचनेचाही थोडा विचार करावयास हवा. वेताळाच्या कथा मुळात वृत्तपत्रांसाठी रोज तीन-चार चौकटींच्या आडव्या पट्ट्यांत रेखाटलेल्या. इंद्रजालच्या कचेरीत त्या पट्ट्या कापून, प्रसंगी चौकटींच्या कडा छाटून, उभ्या पानात बसवल्या जात. उलट बेल्जियन चित्रकार एर्जे याच्या टिनटिनची पाने साप्ताहिकासाठी पानागणिक रचलेली असल्यामुळे शेवटच्या चौकटीत उत्कंठा ताणून धरून वाचकाला थांबवण्याची योजना त्यांत हमखास आढळते. पुढे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकेक चौकट सरकत दाखवण्याची रीत निघाली, तेव्हा तिने या दोहोंना सारखा न्याय दिला नाही. वेताळ त्या रीतीमुळे जणू आपल्या जुन्या पट्टीत परतला. टिनटिनचे पान मात्र फुटले, कारण सबंध पानावरून प्रथम नजर फिरवून मग चौकटीत शिरण्याचा जो दुहेरी आनंद त्याच्या कर्त्याने योजला होता, तो चौकटी सुट्या केल्यावर उरणे शक्यच नव्हते. पडदा वाईट की चांगला याचे उत्तर त्यामुळे पडद्याच्या आकारावर आणि पान कशासाठी रचले होते यावर अवलंबून राहते, सरसकट देता येत नाही.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले, आणि येथून या इतिहासाला अनपेक्षित वळण लागले. ज्यांचे बालपण त्या अंकांवर पोसले होते, ती मंडळी आता नोकरीधंद्याला लागून संगणकासमोर बसली होती, काही परदेशी स्थायिक झाली होती. त्यांनी रद्दीतून, पदपथांवरील विक्रेत्यांकडून आणि एकमेकांच्या माळ्यांवरून अंक धुंडाळले, पानापानाची प्रतिमा घेतली, आणि ती पाने क्रमवार एका सीबीआर फायलीत बांधून आपसांत वाटली. कायद्याच्या दृष्टीने हे प्रताधिकाराचे उल्लंघन होते, त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण ज्या अंकांची प्रकाशकाने पुनर्मुद्रणे काढली नाहीत आणि ग्रंथालयांनी संचिका बांधल्या नाहीत, त्यांतील अनेक अंक आज केवळ या बेकायदा उद्योगामुळे डोळ्यांना दिसतात, हीही वस्तुस्थिती आहे. त्या प्रतिमांत वाचनालयाचा शिक्का आणि खोडलेले नावही तसेच उमटले आहे.

गद्य ग्रंथांची वाट याहून खडतर होती. मराठी छपाई संगणकावर आली तेव्हा प्रत्येक कंपनीच्या अक्षरसंचाची सांकेतिक मांडणी वेगळी असे. एका संचात जुळवलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की जोडाक्षरांचा चिखल होई. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान मिळाले होते, परंतु मुद्रणव्यवसायाचे दप्तर त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्याच संचांत अडकून पडले. परिणामी हजारो मराठी पुस्तके संगणकावर जुळवली गेली, तरी डिजिटल वाचनास अपात्रच राहिली. जी पडद्यावर आली, त्यांतील पुष्कळशी नुसती पानांची चित्रे होती, ज्यांत शब्द शोधता येत नाही की अक्षर मोठे करता येत नाही. किंडल हे वाचनयंत्र अमेरिकेत २००७ च्या नोव्हेंबरात विक्रीस आले. त्यावर मराठी पुस्तकांची रीतसर सोय व्हावयास २०१६ चा डिसेंबर उजाडला.

तोपर्यंत नव्या व्यवस्थेचे अंतरंग जगापुढे आले होते. २००९ च्या जुलैमध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्यांच्या काही प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे प्रकाशनाचा अधिकार नव्हता हे कारण खरे होते, पैसे परतही मिळाले, आणि पुढे कंपनीच्या प्रमुखाने क्षमाही मागितली. पण वाचकाच्या घरातील पुस्तक दुकानदार बाहेरून उचलून नेऊ शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तकेही दुकानाबरोबर गेली, परतावा तेवढा मिळाला. चित्रकथांचे विख्यात डिजिटल दुकान कॉमिक्सॉलॉजी २०१४ मध्ये ॲमेझॉनने घेतले आणि २०२२ च्या प्रारंभी किंडलमध्ये विलीन केले. वर्षानुवर्षे जमवलेल्या संग्रहाची मांडणी विस्कटल्याची तक्रार करण्यापलीकडे वाचकांच्या हाती काही नव्हते.

आपल्या करव्यवस्थेनेही हा भेद निःसंदिग्धपणे मान्य केला. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर शून्य. ई-पुस्तक मात्र सेवेच्या सदरात जाऊन १८ टक्क्यांस पात्र ठरले, आणि ज्याची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकापुरता तो दर २०१८ च्या जुलैत ५ टक्क्यांवर आला. म्हणजे कागदावरचे पुस्तक ही मिळकत, पडद्यावरची ती केवळ वहिवाट, आणि तीही दुकानदाराच्या मर्जीवर! १९५७ च्या कृषकदिनी कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले; वाचनाच्या क्षेत्रात मात्र पूर्वीचा मालक रोख पैसे मोजून स्वखुशीने कूळ झाला, आणि त्या कुळाला संरक्षण देणारा कायदा अद्याप झालेला नाही.

यावरून डिजिटल वाचन त्याज्य ठरते असे नव्हे. दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला अक्षर हवे तेवढे मोठे करून देणारे, आणि मराठी ग्रंथ जिथे टपालानेही वेळेवर पोचत नाहीत अशा परमुलुखातील माणसाला मध्यरात्री पुस्तक मिळवून देणारे साधन तुच्छ लेखणे हा कृतघ्नपणा होईल. प्रश्न साधनाचा नाही, विश्वस्ताचा आहे. ‘चांदोबा’ची मालकी २००७ मध्ये एका संगणकव्यवसायी कंपनीकडे गेली, जुने अंक संकेतस्थळावर आले, पुढे कंपनी डबघाईस येऊन मासिक बंद पडले, आणि संकेतस्थळही गेले. याउलट ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने स्वतः संगणकावर आणून सर्वांस विनामूल्य खुले केले, आणि ते आजही कोणत्याही मुलाला वाचता येतात. दोन्ही मासिके मुलांची, दोन्हींचे अंक पडद्यावर आलेले. फरक एवढाच, की एकाचा सांभाळ नफ्यातोट्याशी बांधला गेला आणि दुसऱ्याचा सार्वजनिक संस्थेच्या कर्तव्याशी.

म्हणून माझे मत असे, की जे पुस्तक पुढच्या पिढीच्या हाती जावे असे वाटते ते कागदावर विकत घ्यावे. जे एकदा वाचून सोडावयाचे ते खुशाल पडद्यावर वाचावे. आणि जे दुर्मीळ झाले आहे त्याची डिजिटल प्रत दुकानदाराकडे नव्हे, तर सार्वजनिक ग्रंथालयाकडे असावी. यांतील तिसरी गोष्ट शासनाच्या अनुदानाची वाट पाहत बसल्यास होणार नाही. ज्यांच्या माळ्यावर ‘चांदोबा’, ‘इंद्रजाल’ अथवा बंद पडलेल्या कोणत्याही मराठी नियतकालिकाचे गठ्ठे पडून असतील, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या तराजूत घालण्यापूर्वी गावातील ग्रंथसंग्रहालयाच्या कार्यवाहांना एकदा दाखवावेत, एवढीच विनंती.