बालकांचे मानसिक आरोग्य (लेखांक ७) : अतिदक्षता विभागातून घरी आल्यानंतर

बालरोग अतिदक्षता विभागातून बऱ्या होऊन आलेल्या काही मुलांना, आणि त्यांच्या आईवडिलांनाही, आघातोत्तर ताणविकार जडतो. घडलेले पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्याची आठवण करून देणारे सारे टाळणे, मन बधिर किंवा खिन्न होणे आणि सतत दचकत राहणे ही त्याची लक्षणे. पहिल्या काही आठवड्यांत ती पुष्कळांना जाणवतात व बहुतेकांची ओसरतात. महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचे जगणे अडवू लागली, तरच विकाराचे निदान केले जाते. १९८० साली अमेरिकेत या विकाराला अधिकृत नाव मिळाले, तेव्हा डोळ्यांसमोर प्रामुख्याने व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. आजारी मुलांकडे लक्ष जायला पुढे बरीच वर्षे लागली.

विभागातले वातावरण मुलाला कळण्यापलीकडचे असते. घशात नळी, त्यामुळे बोलता येत नाही. नळी ओढू नये म्हणून हात बांधलेले. दिवसरात्र उजेड आणि यंत्रांचे आवाज. मण्यार चावलेल्या मुलाची अवस्था तर फारच बिकट. जमिनीवर झोपलेल्यांना रात्री होणारा हा दंश सातपुड्याच्या पायथ्याला अनोळखी नाही. विषाने नसांकडून स्नायूंकडे जाणारा संदेश तुटतो, पापणीही उचलत नाही, श्वास व्हेंटिलेटरवर चालतो. शुद्ध मात्र असू शकते. मूल बेशुद्ध आहे असे धरून खाटेशेजारी जे बोलले जाते, ते सारे त्याच्या कानावर पडत असते.

गुंगीच्या औषधांचा परिणाम वेगळाच. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ जिलियन कोलव्हिल आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्या १०२ मुलांना काय आठवते ते विचारले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६३ टक्के मुलांना काहीतरी प्रत्यक्ष घडलेले आठवत होते, तर सुमारे ३२ टक्के मुलांना भास आठवत होते. ताणाची लक्षणे जोडलेली आढळली ती भासांच्या आठवणींशी. म्हणून मूल काही विचित्र सांगू लागले तर ‘असं काही नव्हतंच’ म्हणून उडवून लावू नये. औषधामुळे तसे दिसले होते, एवढे समजावले तरी त्याची भीती हलकी होते.

लहान मूल भीती शब्दांत मांडत नाही. ते आईला सोडत नाही, पुन्हा अंथरूण ओले करते, बाहुलीला सुया टोचण्याचा तोच तो खेळ खेळते. मोठे मूल शाळेत लक्ष देईनासे होते, चिडते, दवाखान्याच्या रस्त्याने जायला नकार देते. घरात याला ‘बाहेरचं झालं’ म्हटले जाते किंवा हट्ट समजून रागावले जाते.

आईवडिलांबाबतचा एक निष्कर्ष प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने लक्षात ठेवावा असा आहे. फिलाडेल्फियातील २००४ च्या अभ्यासात, काही महिन्यांनी पुन्हा तपासलेल्या पालकांपैकी सुमारे एकपंचमांश पालकांत हा विकार आढळला. त्याचा संबंध आजार किती गंभीर होता याच्याशी नव्हता. मूल दगावेल अशी धास्ती आईवडिलांना किती वाटली, याच्याशी होता. ‘आता धोका नाही’ हे डॉक्टरांच्या दृष्टीने खरे असले, तरी दाराबाहेर बसलेल्या आईच्या मनापर्यंत ते पोहोचलेले नसते.

शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरसारख्या, साखर कारखान्याभोवती वसलेल्या गावात या धास्तीत आणखी भर पडते. अत्यवस्थ मुलाला नंदुरबारला, तिथून धुळ्याला किंवा सुरतला ‘रेफर’ केले जाते. घरात गुजरी, अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्यांना तिथे कागद समजत नाहीत, विचारायचा धीर होत नाही. नंतरच्या तपासणीचे तर विचारूच नये : परिसरातील अनेक मजूर कुटुंबे हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि डिस्चार्ज कार्डावरची तारीख उलटून जाते.

प्रतिबंध विभागातच सुरू होतो. आईला किंवा वडिलांना खाटेजवळ बसू देणे, गुंगीचे औषध गरजेपुरतेच ठेवणे, प्रत्येक सुईआधी मुलाला सांगणे, रोज काय घडले ते वहीत लिहून ठेवणे : यांपैकी कशालाच नवे यंत्र लागत नाही. घरी आल्यावर साधारण महिन्याने झोप, भीती आणि शाळा यांबद्दल विचारावे. हे काम घरोघर जाणाऱ्या आशाताईही करू शकतात. विकार जडलाच, तर आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो. आघातानंतरचा तीव्र ताण कमी करण्यासाठी मुलांना बेन्झोडायझेपिन गटातील शामक गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सांगितले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

सिकलसेल असलेल्या मुलाकडे विशेष लक्ष हवे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आढळतो, आणि अशा मुलाला रुग्णालयात पुन्हा जावेच लागते. मागच्या वेळच्या भीतीने त्याने छातीतली कळ लपवली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून पुढच्या भरतीवेळी आईवडिलांनी, मागच्या वेळी मूल कशाला सर्वांत जास्त घाबरले होते, हे नर्सला आधीच सांगावे आणि नर्सने ते केसपेपरवर नोंदवावे.